गणित चोख, पण यादी कोणाची?

दोन वर्षांच्या पोराला आजी अंघोळ घालते आहे, असा एखादा फोटो नसलेले घर आपल्याकडे शोधूनही सापडायचे नाही. गुजरातमधल्या एका अभियंत्याने स्वतःचा असाच बालपणीचा फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवला. त्याच्या म्हणण्यानुसार केवळ त्यावरून २०२३ मध्ये त्याचे अख्खे खाते बंद झाले, ईमेलसकट. मार्च २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याच्या याचिकेवर गूगलला नोटीस काढली.

अशा बातमीनंतर हमखास दोन गोष्टी होतात. ‘कंपनीतली माणसे आपले फोटो उघडून बघत बसतात’ असे कोणीतरी ठासून सांगते. आणि ‘माझे फोटो वापरण्याची परवानगी मी देत नाही’ हा मजकूर भिंतीवर चिकटवण्याची लाट येते. हा मजकूर म्हणजे ‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल’ या जुन्या पोस्टकार्डाचा नातू. त्याने कुठलाही सर्व्हर थांबत नाही.

प्रत्यक्षात फोटो तपासण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत आणि बहुतेक चर्चांत त्यांची सरमिसळ होते. पहिल्या रीतीत संगणक कधीही न पाहिलेल्या फोटोत काय आहे याचा अंदाज बांधतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाने फेब्रुवारी २०२१ मध्ये मुलाच्या गुप्तांगावरची सूज डॉक्टरला दाखवण्यासाठी फोटो काढले, ते आपोआप गूगलकडे चढले आणि या अंदाजात अडकले. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवले, तरी खाते परत मिळाले नाही. ‘एआय’ सगळे ओळखते असा गाजावाजा करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर आठवावे. फोटोत काय आहे ते यंत्राला कळले असेलही. तो का काढला ते कळले नाही.

दुसऱ्या रीतीत अंदाज नाही, जुळणी आहे. अमेरिकेतली एनसीएमईसी ही संस्था हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करते. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या आधीच सापडलेल्या चित्रांचे हॅश, म्हणजे आकडी ठसे, तिच्याकडे असतात. तुमच्या फोटोचा ठसा त्या यादीत आहे का, एवढेच बघायचे. तुमच्या बाळाचा न्हाणीघरातला फोटो त्या यादीत असण्याचे कारणच नाही. मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथचे प्राध्यापक हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये तयार केलेले फोटोडीएनए याच तत्त्वावर चालते. फोटो लहान केला, थोडा कापला, पुन्हा सेव्ह केला, तरी ठसा जवळपास तोच राहावा, ही त्यातली मेख.

५ ऑगस्ट २०२१ रोजी ॲपलने जाहीर केले, की ही जुळणी आता सर्व्हरऐवजी आयफोनवरच सुरू होईल. सुरुवातीला फक्त अमेरिकेत आणि फक्त आयक्लाउडवर चढणाऱ्या फोटोंसाठी. गदारोळ झाला. पण त्या गदारोळात एक सुंदर गणित झाकले गेले, त्याबद्दल मला सांगायचे आहे.

ॲपलची अट अशी होती: एक-दोन फोटो जुळले तर आम्हालाही काही दिसता कामा नये, ३० जुळले तरच दिसावे. हे वचन कंपनीच्या सचोटीवर सोडायचे नव्हते, गणितानेच पाळायला लावायचे होते. त्यासाठी वापरली गुपित तुकड्यांत वाटण्याची १९७९ सालची अदी शमीर यांची युक्ती. (आरएसए या प्रसिद्ध कूटपद्धतीतला ‘एस’ तो हाच.)

शाळेत शिकलेले आठवा: दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते. समजा आपले गुपित ७ आहे. य = ३क्ष + ७ ही रेषा मनात धरा. ती य-अक्षाला ७ वर छेदते, म्हणजे छेदबिंदू हेच गुपित. आता रेषेवरचे बिंदू वाटून टाका: एकाला (१, १०), दुसऱ्याला (२, १३). पहिल्या माणसाने कितीही डोके खाजवले तरी (१, १०) मधून अगणित रेषा जातात, प्रत्येक वेगळ्या ठिकाणी अक्षाला छेदते. दोघे एकत्र आले की रेषा ठरली आणि ७ बाहेर पडले. तिघांची अट हवी असेल तर रेषेऐवजी अन्वस्त (पॅराबोला) घ्या, तो ठरायला तीन बिंदू लागतात. तिसांची हवी असेल तर २९ घाताची बहुपदी. एकोणतीस बिंदू हाती असूनही गुपित तितकेच गुप्त, आणि तिसावा येताच पूर्ण उघडे. अधलेमधले काही नाही. मला हे आजही थक्क करते.

एक बारकावा आहे, कंटाळा आल्यास पुढच्या परिच्छेदावर जावे. (२, १३) हा बिंदू हाती असलेल्या माणसाला गुपित आणि चढ (वरच्या रेषेतला ३) दोन्ही पूर्णांक आहेत हे ठाऊक असेल, तर १३ मधून एक सम संख्या वजा होते आहे एवढे त्याला दिसते. म्हणजे गुपित विषम आहे. थोडे फुटलेच की! म्हणून हे गणित साध्या पूर्णांकांत न करता एका मोठ्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत करतात. तिथे दोनने भागणे नेहमीच शक्य असते, सम-विषम हा भेदच उरत नाही, आणि एकट्या बिंदूतून खरोखर शून्य माहिती मिळते.

ॲपलच्या योजनेत प्रत्येक फोटोबरोबर एक पाकीट जाणार होते: आत फोटोची छोटी प्रत कुलूपबंद आणि त्या कुलपाच्या किल्लीचा एक बिंदू. पाकिटाला बाहेरून आणखी एक आवरण, जे ठसा यादीत असेल तरच सर्व्हरवर उघडते. यादी फोनमध्येही सांकेतिक रूपात असल्याने जुळले की नाही हे फोनलाही कळत नाही. शिवाय फोन अधूनमधून खोटी पाकिटे पाठवणार, म्हणजे तिसाच्या आत नेमके किती जुळले हेही सर्व्हरला मोजता येऊ नये. १० कोटी निरुपद्रवी फोटोंच्या चाचणीत ३ चुका झाल्या, असे ॲपलने सांगितले. सावधगिरी म्हणून दहा लाखांत एक चूक धरली, आणि तीस जुळण्यांच्या अटीमुळे एखादे निरपराध खाते वर्षभरात चुकून पकडले जाण्याची शक्यता एक लाख कोटींत एक इतकी येते, असा दावा केला.

हा आकडा योगायोगाच्या चुकांसाठी आहे. मुद्दाम केलेल्या खोडीला तो लागू नाही. १८ ऑगस्टला लोकांनी आयफोनच्या आज्ञावलीतून ठसे घेणारी न्यूरलहॅश ही प्रणाली बाहेर काढली, आणि काही तासांतच एक कुत्र्याचा फोटो व एक करड्या ठिपक्यांचा अर्थहीन चौकोन यांचा ठसा तंतोतंत एक असल्याचे दाखवून दिले. मिळत्याजुळत्या चित्रांना एकच ठसा द्यायचा हेच ज्याचे काम, त्याला फसवण्यासाठी चित्र थोडे-थोडे बदलत नेता येते. ही अंतिम आवृत्ती नाही, सर्व्हरवर दुसरा ठसाही तपासू, मग माणूस बघेल, असे उत्तर ॲपलने दिले. ते पटण्यासारखे होते. माझ्या मते या घावाने योजना मेली नसती.

ती मेली यादीपाशी. वरचे सगळे गणित ‘यादीत नसलेले कोणालाही दिसणार नाही’ याची हमी देते. यादीत काय आहे याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. त्याला ठशामागचे चित्र शोषणाचे आहे की एखाद्या आंदोलनाच्या पोस्टरचे, याने काही फरक पडत नाही. दोन वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांच्या याद्यांत समाईक असलेलेच ठसे घेऊ, असे ॲपल म्हणाले. पण दोन सरकारे एकमेकांना सामील असू शकतात, आणि एखाद्या देशाने कायदाच केला तर? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अशीच प्रणाली आधी स्वतः बांधली होती. ती धोकादायक आहे हे त्यांनीच त्या ऑगस्टमध्ये जाहीरपणे लिहिले. नव्वदहून अधिक संघटनांनी ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना पत्र पाठवले. ऑक्टोबरमध्ये चौदा तज्ज्ञांनी विरोधात शोधनिबंध काढला. त्यांत आरएसएमधला ‘आर’, रॉन रिव्हेस्टही होते. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये योजना पुढे ढकलली आणि डिसेंबर २०२२ मध्ये गुंडाळली. वर्षभराच्या आत, ऑगस्ट २०२३ मध्ये, कंपनीने दिलेले कारण विरोधकांचेच होते: एका प्रकारचा मजकूर शोधायला सुरुवात केली की सरसकट पाळतीचे दार उघडते.

दुसरी बाजू हलकी नाही. ज्यांचे फोटो वर्षानुवर्षे फिरत राहतात त्यांच्यासाठी ‘खासगीपणा’ हा शब्द वेगळाच असतो. योजना सोडून दिल्याबद्दल डिसेंबर २०२४ मध्ये अशा पीडितांच्या वतीने ॲपलवर कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला.

आपल्याकडे एनसीएमईसीकडून येणाऱ्या सूचना २०१९ च्या करारानुसार राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत राज्यांच्या पोलिसांपर्यंत येतात, महाराष्ट्राच्याही. आणि २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांनी असा मजकूर स्वयंचलित साधनांनी शोधण्याविषयी कलम आहे. त्या साधनांवर माणसाची देखरेख हवी, त्यांची अचूकता आणि पक्षपात तपासावा, असेही त्यात लिहिले आहे. जुळणीची यादी कोणी, कशी तपासायची, याबद्दल त्या कलमात काही नाही.