कमरेच्या सरकलेल्या गादीची शस्त्रक्रिया : रुग्णाचे समाधान

कमरेच्या दोन मणक्यांमधील गादीचा मऊ गाभा बाहेरचे कडे फोडून मागे सरकतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेच्या मुळावर दाब येतो. बहुतेकदा हे कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमध्ये (एल-४/एल-५) किंवा पाचवा मणका व त्याखालचे त्रिकास्थी यांच्यामध्ये (एल-५/एस-१) घडते. मायक्रोडिस्केक्टॉमी या शस्त्रक्रियेत साधारण २-३ सेंमी छेद घेऊन नसेवर आलेला तुकडा काढतात. झिजलेली गादी मात्र तशीच राहते, आणि रुग्णाच्या समाधानाचा बराचसा हिशेब इथेच ठरतो.

कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत उतरणारी कळ, म्हणजे सायटिका, पुष्कळांची भूल उतरताच थांबते. कंबरदुखीचा तेवढा भरवसा देता येत नाही. पाय मोकळा झाला तरी सकाळी कंबर धरते म्हणून 'ऑपरेशन फसले' म्हणणारे रुग्ण भेटतात, ते यामुळेच. म्हणून पायाची व कमरेची वेदना ० ते १० च्या पट्टीवर वेगवेगळी विचारावी. बधिरपणा आणि पायाचा अंगठा वर उचलण्यातला अशक्तपणा भरून यायला महिने लागतात, कधी थोडा उरतोही. हे आधी सांगितले तर रुग्ण समजून घेतो, नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

दैनंदिन अडचण ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीने मोजतात. त्यात १० प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज २१ आली तर अडचण ४२ टक्के. लैंगिक जीवनाचा प्रश्न अनेक जण कोरा सोडतात. तेव्हा भागाकार ५० ऐवजी ४५ ने करायचा, नाहीतर अडचण खोटीच कमी दिसते. समाधान याहून वेगळे. त्यासाठी नेमका प्रश्न असा : 'एवढाच फरक पडणार असेल, तर हीच शस्त्रक्रिया पुन्हा कराल का?'

कधी विचारले यावरही उत्तर बदलते. ६ ते १२ आठवडे सायटिका असलेल्या २८३ रुग्णांच्या डच चाचणीत (२००७) आधी वाट पाहणाऱ्या गटापेक्षा लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच होते. वाट पाहणाऱ्या गटातल्या ३९ टक्क्यांची शस्त्रक्रिया मधल्या काळात झालीच होती, हेही विसरू नये.

निराशेची कारणे ठरावीक आहेत. एमआरआयवर दिसणारी गादी एका नसेवर आणि कळ दुसऱ्याच नसेच्या वाटेने, ही निवडीतली चूक. सहा महिन्यांहून जुनी पायदुखी, नैराश्य, धूम्रपान आणि नुकसानभरपाईचा चालू दावा यांनीही निकाल खालावतो. काही महिने बरे गेल्यावर त्याच पायात जुनी कळ परतली, तर उरलेल्या गादीचा नवा तुकडा सुटला असण्याची शंका घेऊन एमआरआय पुन्हा करतात.

लघवी अडली किंवा दोन्ही जांघांच्या मध्ये, गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, तर मात्र वाट पाहण्याचा पर्याय राहत नाही. शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते, आणि पुढे रुग्णाचे समाधान वेदनेपेक्षा लघवी-शौचावरचा ताबा किती परतला यावर ठरते.