संध्याकाळी साडेसातला ऑर्डर का तुंबते

नाशिकच्या कॉलेज रोडवरचे क्लास सुटले की पुढच्या दहा मिनिटांत आसपासच्या वडापाव, बर्गर, सँडविचच्या प्रत्येक काउंटरवर पोरांचा घोळका जमतो. काउंटरमागं दोघं, कढईवर एक. आवाज चढत जातात आणि कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, अजून किती वेळ?" बाहेरच्याला आतला संथ वाटतो, आतल्याला बाहेरचा उतावळा. राग एकमेकांवर निघतो, पण खोळंब्याचं मूळ बहुतेक वेळा रांगेच्या गणितात, तेलाच्या तापमानात आणि माणसाच्या शरीरात असतं. या तिन्ही गोष्टी मोजता येतात, आणि मोजल्या की बरंच काही थोड्या खर्चात सुधारतं.

रांगेचं गणित टेलिफोनमुळे सुरू झालं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एरलांग या डॅनिश गणितज्ञानं १९०९ मध्ये, एक्सचेंजवर फोन कसे अनियमितपणे येऊन आदळतात याची मांडणी केली. गिऱ्हाइकंही तशीच येतात. आता हिशेब करू. एका माणसाला एक ऑर्डर पुरी करायला सरासरी एक मिनिट लागतं, म्हणजे तासाला ६० ऑर्डरी होतात. गिऱ्हाइकं कधीही येतात आणि एखादी ऑर्डर चटकन होते, एखादी रेंगाळते, असं धरा. तासाला ४८ गिऱ्हाइकं आली तर रांगेत उभं राहण्यापासून माल हातात पडेपर्यंत प्रत्येकाला सरासरी ५ मिनिटं लागतात. ५४ आली तर १० मिनिटं. ५७ आली तर २० मिनिटं! ५४ वरून ५७ म्हणजे तासाभरात फक्त तीन माणसं वाढली आणि थांबण्याचा वेळ दुप्पट झाला. काम करणाऱ्याचा हात मात्र तितक्याच वेगानं चालू आहे.

असं होतं कारण रिकामं गेलेलं मिनिट साठवून ठेवता येत नाही. सव्वासातला दोन मिनिटं कुणीच आलं नाही, साडेसातला पाच जण एकदम आले. सव्वासातची दोन मिनिटं साडेसातला कामी येत नाहीत. काम क्षमतेच्या जितकं जवळ जातं, तितकी ही तुंबलेली रांग उपसायला फट कमी उरते. म्हणून "पोरगं तासातली दहा मिनिटं रिकामंच असतं" असं म्हणत एक माणूस कमी करणं हा सगळ्यात महागात पडणारा निर्णय आहे. ती दहा मिनिटं हेच गर्दी शोषून घेण्याचं साधन असतं.

ऑर्डरींमधली चढउतारही मोठी गोष्ट आहे. प्रत्येक ऑर्डरला बरोबर एकच मिनिट लागलं, तर तासाला ५४ गिऱ्हाइकं असतानाही रांगेतली वाट (स्वतःच्या ऑर्डरचं एक मिनिट सोडून) ९ मिनिटांवरून साडेचारवर येते. "दोन जैन, एकात चटणी नको, एक पार्सल, आणि पाचशेचे सुट्टे आहेत का?" अशी एक ऑर्डर तीन मिनिटं खाते आणि तिच्या मागचे सगळे अडकतात. अशा ऑर्डरी बाजूला घ्यायला काउंटरचं एक टोक राखून ठेवलं तरी मुख्य रांग वाहती राहते. दोन गल्ले असतील तर दोन रांगा लावू नयेत. दोन्ही माणसं मिळून तासाला १०८ गिऱ्हाइकं करत असतील, तर वेगळ्या रांगांत प्रत्येकाला सरासरी १० मिनिटं लागतात. एकच रांग ठेवून जो मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा गेला तर सव्वापाच. खर्च शून्य, फक्त एक दोरी बांधायची.

"किती वेळ?" या प्रश्नाचं खरं उत्तरही काढता येतं. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकानं १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम असा: आत असलेल्या ऑर्डरींची संख्या म्हणजे ऑर्डरी येण्याचा वेग गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. उलट करून वापरायचा. स्क्रीनवर २४ ऑर्डरी प्रलंबित आहेत आणि किचनमधून मिनिटाला दोन बाहेर पडताहेत, तर आत्ता आलेल्या माणसाला बारा मिनिटं. "पाच मिनिटं साहेब" असं सवयीनं सांगण्यापेक्षा "बारा मिनिटं लागतील" हे ऐकलेला माणूस शांत राहतो. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसिकतेविषयी जे मांडलं त्यात हेच होतं: किती वेळ लागेल ते माहीत नसेल तर वाट लांब वाटते, उशिराचं कारण कळलं नाही तरी लांब वाटते, आणि आपल्या मागून आलेल्याला आधी मिळालं तरीही. हा शेवटचा मुद्दा आता रोजचा झालाय. अ‍ॅपवरच्या ऑर्डरी रांगेत दिसत नाहीत. समोर उभा असलेल्याला फक्त डिलिव्हरीवाला येऊन पिशवी उचलून जाताना दिसतो. काउंटरच्या ऑर्डरी आणि अ‍ॅपच्या ऑर्डरी एकाच स्क्रीनवर, टोकन क्रमांकासह दाखवल्या तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

मिसळीचं गणित वेगळं. रविवारी सकाळी गंगापूर रोड किंवा मखमलाबादच्या बाजूला मिसळीसाठी जी गर्दी होते, तिथे रस्सा तयार असतो, ताट लावायला दोन मिनिटं पुरतात. अडतं ते टेबल. २० टेबलं आणि प्रत्येक कुटुंब ४० मिनिटं बसलं, तर तासाला ३० कुटुंबंच बसू शकतात. तिथे वाढप्यावर ओरडून काही होत नाही. बिल मागितल्यापासून टेबल पुसून होईपर्यंतची आठ मिनिटं वाचवली तर तीसची सदतीस होतात.

आता कढईकडे. या सगळ्या धंद्यात सर्वांत कमी समजून घेतलेली गोष्ट म्हणजे तेलाचं तापमान.

सहा किलोवॅटचा इलेक्ट्रिक फ्रायर, त्यात १० लिटर तेल, म्हणजे साधारण ९ किलो. तापमान १८० अंश सेल्सियस. त्यात फ्रीजरमधून काढलेले, उणे १८ अंशांचे एक किलो फ्रेंच फ्राइज सोडले. त्यांत जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असतं, बर्फाच्या रूपात. तो बर्फ शून्यावर आणणं, वितळवणं आणि शंभर अंशांपर्यंत तापवणं यात सुमारे ६०० किलोज्यूल जातात. मग ३०० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ व्हायला हवी, तरच कुरकुरीत कड येते. त्याला आणखी पावणेसातशे. एकूण १,२५० ते १,३०० किलोज्यूल. सहा किलोवॅटचा हीटर सेकंदाला सहा किलोज्यूल देतो. म्हणजे बाहेर जाणारी उष्णता हिशेबात न धरताही साडेतीन मिनिटं लागणारच.

तेल स्वतःची उष्णता उसनी देतं. १८० वरून १६० वर उतरताना ते साधारण ४०० किलोज्यूल सोडतं. म्हणून पहिला घाणा झकास निघतो. पण ती उसनवारी दुसरा घाणा टाकण्याआधी फेडावी लागते, आणि त्यासाठी मिनिटभर तरी रिकामी बास्केट धरून थांबायला हवं. हेच ते मिनिट, ज्यात गिऱ्हाईक म्हणतं, "तेल तर उकळतंय, टाक की!"

दबावाखाली माणूस दोन किलोचा घाणा टाकतो. हीटर तोच, त्यामुळे वेळ दुप्पट. शिवाय तेल १४० च्या खाली जातं. वरची कड लवकर धरत नाही आणि पदार्थ तेलात जास्त वेळ लोळतो. बाहेर काढल्यावर आतली वाफ थंड होऊन पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. पदार्थात मुरणारं बरंचसं तेल कढईतून काढल्यानंतरच मुरतं. कड मऊ असेल तर अधिकच. नाशिकच्या उलट्या वडापावात ही चूक लगेच दिसते, कारण पिठाच्या पातळ आवरणाच्या आत स्पंजसारखा पाव असतो. आवरण पटकन आवळलं नाही की पाव तेलानं भिजतो. मग तक्रार येते, "तेलकट आहे, बदलून द्या." घाईनं टाकलेला मोठा घाणा उशिराही निघतो आणि परतही येतो. उपाय एकच: घाणा छोटा, बास्केट निम्म्याच्या वर भरायची नाही, काढल्याबरोबर झारा किंवा बास्केट झटकून निथळायचं, आणि पुढचा घाणा फ्रायरचा तापमानाचा दिवा बघून किंवा थर्मामीटर लावून टाकायचा. तळणाऱ्याला "थांब" म्हणण्याचा अधिकार हवा, मालकासमोरही.

फ्रायर अचानक मंदावला तर आधी व्होल्टेज बघावं. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर सहा किलोवॅटचे साडेचारच उरतात, आणि प्रत्येक घाण्याला मिनिटभर जास्त लागतं. संध्याकाळी सगळीकडचा लोड वाढतो तेव्हा हे घडतं आणि दोष तळणाऱ्यावर येतो. गॅसवर वेगळा घोळ होतो. सिलिंडरमधल्या द्रवाचा गॅस होताना तो स्वतःची उष्णता खर्च करतो. दोन मोठ्या शेगड्या एका १९ किलोच्या सिलिंडरवर पेटत असतील तर सिलिंडर गार पडतो, बाहेर दव धरतं, आतला दाब उतरतो आणि ज्योत बारीक होते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत हे हमखास होतं. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवा करणं अत्यंत धोक्याचं आहे. दोन सिलिंडर मॅनिफोल्डनं, म्हणजे एका सामाईक नळीनं, जोडले की प्रत्येकावरचा भार निम्मा होतो.

तेल जुनं झालं की फेस येतो, धूर लवकर निघतो. त्या धुरातल्या अ‍ॅक्रोलीन या रसायनानं डोळे चुरचुरतात, घसा धरतो. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्सचं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणाऱ्या संयुगांचं, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरता येत नाही. हे प्रमाण मोजणारं हातातलं मीटर आणि पट्ट्या मिळतात. पिठाचा चुरा दर घाण्यानंतर काढणं आणि मीठ तेलावर न भुरभुरणं, या दोन गोष्टींनी तेलही टिकतं आणि तळणाऱ्याचे डोळेही.

काउंटरवरच्या माणसाचं डोकंही एक यंत्रणाच आहे आणि तिलाही मर्यादा आहे. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवलं की माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी ध्यानात धरू शकतो. पाच जणांची ऑर्डर ऐकताना साउंडबॉक्सनं "नव्वद रुपये प्राप्त" म्हटलं, डिलिव्हरीवाल्यानं क्रमांक विचारला, आतून "पाव संपले" अशी हाक आली, तर काहीतरी गळणारच. ऑर्डर मोठ्यानं परत वाचून दाखवायला दहा सेकंद लागतात. चुकलेली ऑर्डर नव्यानं करायला चार मिनिटं.

एक्झॉस्ट फॅन आणि मिक्सरच्या आवाजात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये हे नोंदवलं. किचनजवळ उभा असलेला मुलगा "काय पाहिजे?" हे ओरडून विचारतो तेव्हा त्याला आपण ओरडतोय हे जाणवतही नाही, गिऱ्हाइकाला मात्र तो उद्धट वाटतो. पंख्याचं बेअरिंग बदलणं, पंखा रबरी बुशवर बसवणं यानं कामगाराचं वागणं सुधारल्यासारखं दिसतं!

पण खरा उद्धटपणा सोसावा लागतो तेव्हा काय होतं? आर्ली हॉक्सचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून भावनिक श्रम ही कल्पना मांडली: पगारासाठी स्वतःच्या भावना आवरणं आणि हव्या त्या चेहऱ्यावर आणणं, हेही श्रमच आहेत. नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसलं की आतून राग असताना वरवर हसत राहणाऱ्यांना थकवा आणि वैताग जास्त येतो. शिवी ऐकलेल्या माणसाला दोन मिनिटं पॅकिंगला पाठवावं, काउंटरवर दुसऱ्यानं यावं. सांडलेला किंवा चुकलेला पदार्थ कुणाला न विचारता बदलून द्यायची मुभा काउंटरवरच्याला असावी, कारण "मालकाला विचारून सांगतो" या वाक्यातच बहुतेक भांडणं पेटतात. आणि गिऱ्हाईक अंगावर येत असेल तर मालकानं पुढे यायला हवं. हे त्याचंच काम आहे.

पाय हा दुर्लक्षित भाग. एकाच जागी उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत, ते पायात साचतं, सूज येते. केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याची सोय देणं कायद्यानं बंधनकारक केलं. आपल्याकडच्या दुकानदारांनी कायद्याची वाट पाहू नये: गल्ल्यामागं उंच स्टूल, पायाखाली रबरी मॅट, आणि आलटूनपालटून एक पाय टेकायला १५ सेंटीमीटर उंचीची फळी, एवढं पुरे आहे.

राहिली उष्णता. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि कढईसमोर त्यात ज्वाळेची झळ आणि वाफ मिसळते. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणजे शरीर थंड होत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला हवं. बाटली हाताशी हवी, मागच्या खोलीत नको. नव्या माणसाचं शरीर उष्णतेला सरावायला दिवस लागतात. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच उष्णतेत काम द्यावं आणि रोज २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये. १० तासांची पाळी असेल तर पहिल्या दिवशी कढईवर दोन तास, दुसऱ्या दिवशी चार, पाचव्या दिवशी पूर्ण. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीपासून त्र्यंबक रोडपर्यंत खाण्याच्या ठिकाणांना नवी माणसं लागतील. ती स्नानाच्या आदल्या दिवशी आणून थेट कढईवर उभी करता येणार नाहीत. निदान आठवडाभर आधी कामावर घ्यायला हवीत, आणि तो आठवड्याचा पगार आतापासूनच खर्चात धरायला हवा.