प्रथिन-डीएनएची न सापडलेली बाराखडी

कोणतं प्रथिन डीएनएला कुठे चिकटेल हे आता मशीन लर्निंगने सांगता येऊ लागलंय. ही गेल्या चार-पाच वर्षांतली करामत वाटते, पण तिची मुळं चाळीस वर्षांहून जुनी आहेत.

जनुकं बंद ठेवणाऱ्या 'रेप्रेसर'ची कल्पना जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडली. असा रेप्रेसर थेट डीएनएलाच चिकटतो, हे १९६७ मध्ये मार्क टाश्नी यांनी दाखवलं. पण डीएनएच्या लाखो अक्षरांतून (ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन, थायमिन ही ती चार अक्षरं) तो नेमकी जागा ओळखतो कशी? सीमन, रोझेनबर्ग आणि रिच यांनी १९७६ मध्ये एक देखणा तर्क लढवला. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी आर्जिनिनचं टोक डीएनएच्या रुंद खाचेत शिरून ग्वानिनशी एकदम दोन हायड्रोजन बंध जोडू शकतं. ॲडेनिनला तसंच ग्लुटामिन किंवा ॲस्परॅजिन जमतं. म्हणजे अमुक आम्लाला तमुक अक्षर, अशी बाराखडीच हाती येणार!

आली नाही. क्ष-किरणांनी प्रथिन-डीएनए जोड्यांच्या रचना दिसू लागल्या तेव्हा आर्जिनिन-ग्वानिन वारंवार भेटले खरे, पण नियम म्हणून नव्हे. कुठे मध्ये पाण्याचा रेणू, कुठे डीएनएच वाकलेला. १९८८ मध्ये ब्रायन मॅथ्यूज यांनी 'नेचर'मध्ये लिहूनच टाकलं: असा संकेत नाही.

नियम नाही तर उदाहरणांवरून शिका. हे १९८२ मध्येच सुरू झालं होतं, तेही आरएनएवर, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या प्रतीवर. रायबोसोम हे पेशीतलं यंत्र जिथून प्रथिन बांधायला घेतं त्या जागा शोधायला गॅरी स्टॉर्मो आणि सहकाऱ्यांनी पर्सेप्ट्रॉन हा उदाहरणांवरून शिकणारा साधा प्रोग्राम वापरला. प्रत्येक स्थानी चारही अक्षरांना गुण द्यायचे, बेरीज करायची, उत्तर चुकलं की गुण थोडे हलवायचे. बस्स, इतकंच. मला तरी हाच या इतिहासातला खरा वळणबिंदू वाटतो.

गुणांच्या या तक्त्यात प्रत्येक अक्षर सुटं मोजलं जाई, शेजाऱ्याचा विचार नसे. त्यापलीकडे जायला भरपूर माहिती हवी होती. ती मायक्रोॲरे (डीएनएचे हजारो तुकडे एकदम तपासणारी चिप) आणि स्वस्त सिक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याच्या तंत्राने पुरवली. २०१५ मध्ये 'डीपबाइंड' हे न्यूरल नेटवर्क आलं. गंमत म्हणजे त्याच्या पहिल्या थरातले फिल्टर, म्हणजे अक्षरांचे नमुने हुडकणारे गुणांचे संच, स्टॉर्मोंच्या तक्त्यांचेच वंशज दिसतात.

हे सगळं अक्षरांपुरतं. प्रथिन आणि न्यूक्लिक आम्ल (डीएनए किंवा आरएनए) यांची एकत्र त्रिमिती रचना वर्तवणारे 'रोझेटाफोल्डएनए' आणि 'अल्फाफोल्ड ३' यांचे शोधनिबंध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आरएनए मात्र अजून चकवतो: तो लवचिक, आणि शिकायला त्याच्या रचना प्रथिनांच्या मानाने फारच थोड्या.