चालू दवाखान्याचं छप्पर बदलणं

पेशंट आत असतानाच मोठ्या दवाखान्याचं जुनं छप्पर उतरवून नवं चढवायचं काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या जुन्या इमारतींवर मंगलोरी कौलं, सिमेंटचे पत्रे नाहीतर कोबा (पाणी झिरपू नये म्हणून घातलेला थर) घातलेला स्लॅब असतो. घराची शाकारणी सगळ्यांना माहीत आहेच, पण घरातली माणसं दोन दिवस पडवीत झोपतात, व्हेंटिलेटरवरचा पेशंट तसा हलवता येत नाही.

मंगलोरी कौलाच्या सुरुवातीवर एकमत नाही. काहीजण पहिला कारखाना 1860 चा सांगतात, पण बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने आपल्या गेऑर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली मंगलोरच्या जेप्पू भागात 1865 ला काढलेला कारखाना हीच सुरुवात धरणं जास्त बरोबर वाटतं. त्याआधी इकडे कुंभाराची नळीची कौलं होती. नवं कौल गलबतातून किनाऱ्याला उतरून बैलगाडीने घाट चढलं असं एक मत, तर 1880 च्या दशकात रेल्वे आल्यावरच ते बेळगावात ढिगाने आलं असं दुसरं; माल जड आणि फुटका, त्यामुळे मोठ्या इमारतींपुरतं तरी दुसरंच पटतं. वजनाचा मुद्दा आजही लागू आहे. एक कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला साधारण 15, आणि एवढं ओझं काढून हलका पत्रा टाकला की वळवाच्या वाऱ्यात अख्खं छप्परच उचललं जाऊ शकतं, म्हणून कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) भिंतीला बोल्टने आवळून घ्याव्या लागतात आणि वाळवी लागलेले वासे, रिपा तेव्हाच बदलतात.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर ते मार्चअखेर. एप्रिलपासून वळीव कधीही येतो, आणि खानापूरच्या घाटातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तर जूनला लागला की उसंतच देत नाही. अथणीकडे पाऊस कमी, तिथे थोडी सवड मिळते. नियम साधा: संध्याकाळपर्यंत जेवढं झाकता येईल तेवढंच सकाळी उघडायचं, आणि ताडपत्री आधीच वर चढवून ठेवायची.

खरा धोका पावसापेक्षा धुळीचा, आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. जुन्या माळ्यावरच्या धुळीत, कबुतरांच्या विष्ठेत ॲस्परजिलस बुरशीचे कण असतात, साधारण 2 ते 3.5 मायक्रॉनचे, ते श्वासातून थेट फुप्फुसात जातात. केमो चालू असलेल्या किंवा किडनी बदललेल्या पेशंटला हा संसर्ग जीवघेणा ठरतो. म्हणून खालचा वॉर्ड रिकामा करायचा, शेजारच्या वॉर्डाला जाड प्लास्टिकचा पडदा लावून सांधे टेपने बंद करायचे, कामाच्या बाजूची हवा पंख्याने हेपा फिल्टरमधून (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) बाहेर ओढायची म्हणजे धूळ आत शिरत नाही, आणि गच्चीजवळ एसीची हवा आत घेणारी तोंडं असतील तर ती आधी झाकायची. राडारोडा पेशंटच्या लिफ्टने कधीच उतरवू नये, बाहेरून बंद पाइपने खाली सोडावा.

सिमेंटचे जुने पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे फुप्फुसाला घातक अशा खनिज तंतूंचे. ते ओले करून, बोल्ट सोडवून अख्खेच उतरवायचे. हातोड्याने फोडले की तंतू हवेत उडतात. वेल्डिंग किंवा गरम डांबराचं काम ऑक्सिजनच्या लाइनजवळ परवानगीशिवाय करत नाहीत. बंद जिना, बदललेला वॉर्ड यांच्या पाट्या कन्नड आणि मराठी दोन्हीत लागतात, कारण खेड्यातून डबा घेऊन आलेली म्हातारी पाटी बघूनच वाट शोधते.

स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा नव्याने घालताना 100 ला 1 असा उतार धरतात, मग पाणी बाहेर जाण्याच्या तोट्या बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी कोंडून ठेवतात आणि खालच्या छताला ओल येते का बघतात.