इन्सुलिनोमाची शस्त्रक्रिया: जनआरोग्य योजनेतील पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

पहाटे उपाशीपोटी द्राक्षबागेत कामाला गेलेली बाई घामाघूम होते, असंबद्ध बोलू लागते आणि दोन घोट गोड चहा पोटात जाताच भानावर येते. घरचे याला चक्कर किंवा फिट समजतात. हे वारंवार होत असेल, तर स्वादुपिंडात इन्सुलिन (रक्तातील साखर उतरवणारे संप्रेरक) स्रवणारी गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा, आहे का हे तपासावे लागते. आजार दुर्मीळ असला, तरी दहापैकी सुमारे नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात आणि शस्त्रक्रियेने रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता पिवळ्या आणि केशरीबरोबर शुभ्र शिधापत्रिकाधारकही पात्र असून, कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड लागते. दोन्हींवरील नावे जुळतात का, सुनेचे किंवा लहान मुलाचे नाव पत्रिकेवर चढले आहे का, हे आधीच पाहावे आणि नसल्यास तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात दुरुस्ती करून घ्यावी.

खरे वजन वैद्यकीय कागदांना असते. रुग्णालयात दाखल करून जास्तीत जास्त 72 तास चालणारी उपवास चाचणी होते. ती घरी कधीही करू नये. 100 मिलिलिटर रक्तात साखर 55 मिलिग्रॅमच्या खाली असताना त्याच वेळी घेतलेल्या रक्तात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना सोबत तयार होणारा घटक) कमी झालेले नसणे, हा निदानाचा गाभा आहे. घरात कोणी मधुमेहाच्या गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यातल्या काही प्रकारच्या गोळ्या चुकून पोटात गेल्या तरी अहवाल असाच येतो. त्यानंतर सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीने (तोंडातून नळी घालून आतून केलेली सोनोग्राफी) गाठीची जागा शोधतात. बहुतेक गाठी 2 सेंटिमीटरहून लहान असल्याने एका स्कॅनमध्ये दिसली नाही, म्हणून फाइल बंद करू नये.

सातारा, सांगली किंवा मिरजेतील अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटून नोंदणी करावी. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेची विशेषज्ञता तिथे योजनेत समाविष्ट आहे का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे किंवा योजनेच्या 155388 या मदत क्रमांकावर खात्री करावी. रुग्णालय अहवाल जोडून ऑनलाइन पूर्वपरवानगी मागते. रुग्णाला वेगळा अर्ज करावा लागत नाही. मंजुरीची वाट पाहताना किंवा तहसिलीच्या रांगेत उभे असताना रुग्णाला उपाशी ठेवू नये आणि सोबतच्या माणसाने साखरेची पुडी जवळ बाळगावी.