इम्प्लांट आणि तिसरा आठवडा

‘तीन दिवसांत पक्के दात’ ही जाहिरात आता नाशिककरांना मोबाइलवरही दिसते आणि रस्त्यावरच्या फलकांवरही. ती सरसकट खोटी आहे असं नाही. तीन दिवसांत दात बसवता येतो. मात्र त्या तीन दिवसांत हाडाने आपलं काम जेमतेम सुरू केलेलं असतं, आणि हे फलकावर कुणी लिहीत नाही.

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात. त्याचे भाग तीन. हाडात जाणारा टायटॅनियमचा स्क्रू, साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब. त्यावर हिरडीतून वर येणारं अबटमेंट, आणि त्यावर कॅप. दर विचारताना तिन्हींचा मिळून विचारा, कारण पुष्कळदा सांगितलेली रक्कम फक्त स्क्रूची असते.

१९५२ मध्ये स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळकांडी नंतर निघेचनात, हाड त्यांना चिकटलं होतं. त्यातूनच १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा असे स्क्रू बसले. हवेत येताच टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. शरीर त्या थराला परका मानून बाहेर ढकलत नाही. हाडाच्या पेशी थेट त्यावर काम सुरू करतात.

हे काम कसं चालतं ते नीट पाहू. हाडात भोक पाडताना ड्रिल मिनिटाला साधारण ८०० ते १२०० फेऱ्यांनी फिरतं आणि त्यावर सलाइनची धार सोडलेली असते. हाड मिनिटभर ४७ अंश सेल्सियसला तापलं तरी त्या भागातल्या पेशी मरतात. म्हणून धार अखंड हवी आणि ड्रिल धारदार हवं. भोक स्क्रूपेक्षा जरा लहान ठेवतात आणि स्क्रू पिळून बसवतात. ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास पीळ लागला की डॉक्टर ‘छान घट्ट बसलं’ म्हणतात. ही घट्ट पकड निव्वळ घर्षणाची.

पुढे शरीर आधी मोडतोड करतं. स्क्रूभोवतीचं दाबलं गेलेलं, दुखावलेलं हाड अस्थिभक्षक पेशी खाऊन टाकतात आणि मागून अस्थिजनक पेशी नवं हाड घालत येतात. जुनी पकड पटकन उतरते, नवी सावकाश चढते. त्यामुळे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात इम्प्लांट पहिल्या दिवसापेक्षाही कमी घट्ट असतं. गंमत म्हणजे नेमकं तेव्हा दुखणं थांबलेलं असतं, सूज गेलेली असते, टाके निघालेले असतात, आणि माणूस चिवड्यातले शेंगदाणे त्याच बाजूने फोडायला लागतो.

या काळात स्क्रू हाडात सुमारे १५० मायक्रॉनपेक्षा जास्त, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतका, पुन्हा पुन्हा हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी तंतूंचा मऊ थर तयार होतो. त्याचं पुढे हाड होत नाही. इम्प्लांट काढावं लागतं, जागा भरू द्यावी लागते आणि सगळं पहिल्यापासून. काढता-घालता येणारी कवळी त्या जागेवर टेकत असेल तरी हेच घडू शकतं; ती आतून कोरून घ्या. खालच्या जबड्यात दोन-तीन महिने आणि वरच्या मऊ हाडात तीन ते सहा महिने थांबायला सांगतात ते यासाठी.

मग तीन दिवसांचे दात? पूर्ण जबड्यात चार-सहा इम्प्लांट घालून ती एका कडक पट्टीने जोडली तर एकटं कुणी हलत नाही, आणि लगेच दात देता येतात. एकट्या पुढच्या दाताला तात्पुरती कॅप देतात, पण ती समोरच्या दाताला टेकणार नाही अशी घासून. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: हा खायचा दात की दाखवायचा?

आधी थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, हवा. साध्या ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेत, हाडाची उंची कळते, जाडी नाही. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला ६-७ मिलिमीटर रुंद हाड लागतं आणि खालच्या जबड्यातल्या नसेपासून २ मिलिमीटर अंतर. भूल उतरल्यावरही ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. वरची दाढ काढली की नजर जाते, या भीतीने लोक सडकी दाढ वर्षानुवर्षं ठेवतात. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. नजरेला काही होत नाही, पण सडक्या दाढेभोवतीचं हाड मात्र झिजत जातं आणि पुढे इम्प्लांटला जागा उरत नाही.

मधुमेह असेल तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, दाखवा. ८ च्या वर असेल तर बरेच डॉक्टर आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी रक्तपुरवठा आणि हिरडी दोन्ही बिघडतात. हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा वर्षातून एकदा घेतलेलं झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन आवर्जून सांगा, कारण वर्षातून एकदाच्या औषधाला कुणी औषध समजत नाही आणि जबड्याचं हाड त्याने भरायचं थांबू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. शंका असेल तर दुसरं मत घ्या. पंचवटीत दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहेच.

नैसर्गिक दाताभोवती दाब ओळखणारा तंतूंचा पडदा असतो, इम्प्लांटला नसतो. कॅप जरा उंच राहिली तरी लवकर जाणवत नाही. कॅप हलायला लागली तर बहुधा अबटमेंट धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो. त्यावर चावत राहिलात तर तो आत तुटतो. कंपनीगणिक हा स्क्रू आणि त्याचा पेचकस वेगळा. म्हणून इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या. कंपनी, जाडी, लांबी, लॉट क्रमांक सगळं त्यावर असतं. दहा वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तेच लागतं.