मेसोथेलिओमाचा माग कुठून लागला

मेसोथेलिओमा म्हणजे फुफ्फुसाभोवती जे पातळ आवरण असतं त्याचा कॅन्सर, कधीकधी पोटातल्या आवरणाचाही होतो, आणि बहुतेक केसेसच्या मागे ॲसबेस्टॉसच निघतो, म्हणजे खाणीतून काढतात ते तंतूंचं खनिज, ज्याचे निळा, तपकिरी, पांढरा असे प्रकार असतात. ॲसबेस्टॉसची धूळ वाईट हे ब्रिटनमध्ये आधीच कळलं होतं, 1931 मध्ये कारखान्यांसाठी नियमसुद्धा आले, पण ते फुफ्फुसं कडक होण्याच्या आजारासाठी, या कॅन्सरचं नावही त्यात नव्हतं.

झालं असं, की दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या टीबी हॉस्पिटलात डॉ. स्लेग्ज होते, त्यांच्या लक्षात आलं की शहराच्या पूर्वेकडून येणारे पेशंट टीबीच्या औषधांनी बरे होतायत आणि पश्चिमेकडच्या काहींना औषध लागूच पडत नाहीये. आता पश्चिमेला काय, तर निळ्या ॲसबेस्टॉसचे डोंगर आणि खाणी! त्यांना टीबी नव्हे, हा कॅन्सर होता. मग वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड या डॉक्टरांनी 1960 मध्ये मेसोथेलिओमाच्या 33 केसेस छापल्या, एक सोडून सगळ्यांचा त्या ॲसबेस्टॉसशी संबंध लागत होता. आणि हे सगळे काही खाणकामगार नव्हते बरं का, त्यात गृहिणी होत्या, गुरं राखणारे होते, म्हणजे नुसतं त्या भागात राहणंही पुरेसं होतं.

तरी धंदा चालूच राहिला कारण हा आजार वर यायला 30-40 वर्षं सहज लागतात, तोवर कामगार रिटायर झालेला असतो आणि कंपनीला विचारणार कोण. ऑस्ट्रेलियात विटेनूमची निळ्या ॲसबेस्टॉसची खाण 1966 मध्ये बंद पडली, पण तिथे राहिलेली माणसं पुढे कित्येक वर्षं या कॅन्सरने जात राहिली, शेवटी 2007 मध्ये सरकारने गावाचा दर्जाच काढून घेतला. ब्रिटनने निळा आणि तपकिरी ॲसबेस्टॉस 1985 मध्ये बंद केला, पांढरा मात्र थेट 1999 मध्ये.

आपल्याकडे 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा कामगारांचं हेल्थ रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवा, म्हणजे आजार किती उशिरा येतो हे कोर्टालाही पटलं होतं. पण पांढऱ्या ॲसबेस्टॉसची आयात काही थांबली नाही, तो बाहेरून येतो आणि त्याचा मोठा भाग सिमेंटच्या पत्र्यांत जातो.